मामाच्या गाडीची मागची खिडकी

रविवार, १० मे

मामाच्या गाडीची मागची खिडकी मी फोडली. लिहून टाकलं. लिहिल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

आर्वोमामाने मागच्या आठवड्यात कोठारातल्या गाडीवरची चादर काढली. अडुसष्ट सालची गाडी, लाल, कापडी टपाची. मामा गाडी म्हणून फक्त हीच चालवतो, तीही उन्हाळ्यात. बाकी वर्षभर सिल्वीमामी पिकअप चालवते आणि मामा शेजारी बसून तिला गिअर कधी बदलायचा ते सांगतो. मे संपताना मेमोरियल डे असतो, लढाईत मेलेल्या सैनिकांचा दिवस, त्याच्या परेडमध्ये ही लाल गाडी लागतेच. मागच्या सीटवर गावातला सगळ्यात म्हातारा सैनिक बसतो आणि पुढे मामा, टाय लावून.

आज सकाळी ते दोघं लवकर चर्चला गेले आणि माझ्या डोक्यात आलं की शेजाऱ्यांकडे तिरंदाजीच्या सरावाचं जे प्लास्टिकचं हरीण आहे ते मागच्या सीटवर उभं करावं, त्याच्या शिंगांत मामीची जुनी टोपी अडकवावी आणि गाडी चर्चच्या दारात नेऊन लावावी. आयडिया चांगली होती, अजूनही म्हणतो. पण हरीण टपाखाली मावेना. म्हणून टप पाडायचं बटण दाबलं.

या गाडीची मागची खिडकी काचेची नाही, जाड पारदर्शक प्लास्टिकची आहे. टप पाडायच्या आधी खिडकीभोवतीची चेन उघडायची, खिडकी हळूच खाली निजवायची, मग बटण. आणि थंडीत तर हातच लावायचा नाही, कारण गारठलेलं प्लास्टिक पापडासारखं होतं. मी चड्डीत होतो तेव्हापासून मामा हे सांगतोय. आज गवतावरचं दव गोठलेलं होतं आणि मी चेन उघडली नाही.

एप्रिलमध्ये तळ्यावरचा बर्फ फुटतो तसला आवाज झाला. वरपासून खालपर्यंत, दोन तुकडे.

हरीण परत ठेवलं. टप वर केला. आता काय करू?

मामीने ईस्टरलाच बजावलं होतं. चर्चच्या पाळकाच्या सौनातल्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीतल्या बादलीत मी निळा रंग टाकला होता आणि तो ईस्टरच्या प्रवचनाला आकाशी हात वर करून उभा राहिला. मामी तेव्हा ओरडली नाही, हळू बोलली, ते जास्त वाईट. म्हणाली, "रूडी, आता अजून एक कर. एकच. की तू ग्रीन बेच्या बसमध्ये."

ग्रीन बे शहरात आई असते, तिच्या त्या डेल नावाच्या माणसाबरोबर. तिथे मला कोणी मारत नाही. पण तिथे मी एकदा शुक्रवारी घरातून गेलो तो सोमवारी उगवलो, आणि आईने विचारलं, आज शाळा नाही का? इथे जेवायला जरा उशीर झाला की मामी रस्त्यावर येऊन माझं आख्खं नाव घेऊन ओरडते, सगळ्या गल्लीला ऐकू जातं. मला ग्रीन बेला जायचं नाही. बाकी काहीही करेन.

सोमवार, ११ मे

खिडकीच्या जागी काहीतरी लावणं भाग होतं. घरात तेवढं मोठं प्लास्टिक एकच, न्हाणीघराचा पडदा. तोही बदकांचा. पिवळी बदकं, डोक्यावर टोप्या. कापला आणि आतून टेपने चिकटवला. लांबून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, गाडी बाळंत झालीय.

आणि दुपारी मामा फडकं घेऊन कोठारात आला. पळून जायला वेळच नव्हता. त्याने बॉनेट पुसलं, दारं पुसली, मागे गेला आणि बदकांच्या थेट समोर उभा राहिला. मी टेपचं रीळ पाठीमागे लपवलं. तो म्हणाला, "धुकट झालीय रे खिडकी. या वर्षी फारच." आणि फडकं खांद्यावर टाकून गेला.

मामाचं लक्ष कुठे असतं कोण जाणे.  पण वाचलो.

मामीला मात्र बदकं गायब झालेली दिसणारच. खोटं काय बोलायचं ते ठरवत बसलो होतो. पण तिने काही न विचारता नवा पडदा आणून लावला. या वेळी माशांचा. नशीब जोरावर आहे म्हणायचं.

बुधवार, १३ मे

टपाची खिडकी बदलून देणारं आमच्या बाजूला कोणी नाही. पण बोटींच्या ताडपत्रीला तसल्याच खिडक्या असतात, आणि बोटींची शिवण हिल्मा करते, धक्क्याजवळच्या शेडमध्ये. तिला सगळं खरं सांगितलं. हरणासकट. ती एवढी हसली की तिच्या तोंडातली टाचणी खाली पडली.

मग म्हणाली, आत्ता सीझन आहे, सगळ्यांच्या बोटी पाण्यात जायच्यात, मला मरायला वेळ नाही. मी म्हटलं, मी तुझं काय पाहिजे ते काम करतो. तिच्याकडे एका बोटीचं बूड खरवडायचं पडलं होतं. ते मी खरवडायचं, आणि त्याच्या बदल्यात ती प्लास्टिक देणार, मशीन वापरू देणार. शिवायचं मात्र मी. "मी शिवलं तर तुला अक्कल कधी येणार," म्हणाली.

फुटकी खिडकी चेनसकट काढून आण, म्हणाली, आणि तिच्यावरून कागदावर माप घेईपर्यंत तिला कात्री लावू नकोस.

शुक्रवार, १५ मे

कात्री लावली. काय करू, ते धूड मागच्या सीटवरून निघेचना. चेनची चौकट टपाच्या कापडाला आणि खाली गाडीच्या पट्टीला पिनांनी ठोकलेली आहे. गंजलेल्या पिना, एकेक पक्कडीने उपटायची. मागच्या सीटवर उलटा लोंबकळून, पाय वर, डोकं खाली. अर्ध्या पिना माझ्या बोटांत गेल्या. शेवटी वैतागून प्लास्टिक कापून वेगळं केलं आणि तुकडे घेऊन हिल्माकडे गेलो.

तिने तुकडे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. तुला पाळण्यातून कोणी पाडलं होतं का रे, असं विचारलं, अगदी काळजीने. आता ते तुकडे जमिनीवर कोड्यासारखे जुळवून माप घ्यावं लागलं. वरची कड वळणदार आहे. ते वळण चुकलं की टप बंदच होणार नाही.

घरी आलो तर मामीने माझे हात धरून बघितले. मी म्हटलं, गुलाबाच्या झाडात पडलो. आमच्याकडे गुलाबाचं झाड नाही. तिने मलम लावलं, पट्ट्या बांधल्या आणि सूप वाढायला गेली.

तिचं हल्ली काहीतरी बिघडलंय. कोठाराच्या पायऱ्यांच्या कडेला तिने पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्यात, गावात कोणाच्याच पायऱ्यांना नाहीत. मी खुर्ची दोन बोटं हलवली तरी खेकसते, होती तिथे ठेव. रोज सकाळी पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचते, मयतांच्या बातम्यांसकट, आणि मामा डोळे मिटून ऐकतो. बाईला स्वतःचा आवाज फार आवडतो. आज तर मामाच्या ताटातल्या माशाचे काटेसुद्धा तिनेच काढून दिले. मी म्हटलं, मामी, मलाही भरव. तिने मला चमचा फेकून मारला.

सोमवार, १८ मे

संपलं सगळं.

पहिली खिडकी वाया गेली. हिल्मा बाहेर गेली होती, ती म्हणाली होती थांब, मी थांबलो नाही. शेडमध्ये गारठा होता, प्लास्टिक ताठ. तसंच मशीनखाली घातलं. मधोमध वळी पडली. उसवून परत शिवायला गेलो तर आधीची सगळी भोकं तशीच, तिकिटाच्या कडेसारखी, आणि मी जरा ओढल्यावर त्या भोकांवरून टर्रकन फाटत गेलं. कापडात सुई गेली तर कापड सांभाळून घेतं. या प्लास्टिकला एकदा भोक पडलं की पडलं.

हिल्मा आली. या वेळी हसली नाही. तसल्या जाड प्लास्टिकचा तिच्याकडे एकच ताव उरला होता, तोही कोणाच्या तरी बोटीसाठी ठेवलेला. मी जमिनीवर बसून रडलो, खोटं कशाला बोलू. बूड खरवडून खांदे गेलेत, बोटांत पिना, पुढच्या सोमवारी परेड, आणि मला सारखी ती माझी ग्रीन बेची झोपायची गादी दिसतेय, बॉयलरच्या शेजारची.

 मग तिने तो ताव काढून शेगडीशेजारच्या टेबलावर पसरला आणि म्हणाली, "ऊब लागू दे त्याला. आणि तुला पण."

बुधवार, २० मे

झाली. एका दमात, एका शिवणीत. हिल्माने फक्त ताव धरला आणि शिव्या दिल्या.

गाडीवर चढवताना प्लास्टिक मऊ पडावं म्हणून मामीचा हेअर ड्रायर ढापला. वायर आखूड पडत होती. कोठारात गेलो तर दाराजवळच्या खिळ्यावर लांब वायर लटकवलेली, कालपर्यंत तिथे नव्हती. पुन्हा नशीब. पिना ठोकल्या, चेन लावली, टप ताणला. इतकी स्वच्छ खिडकी की पलीकडे काही नाहीच असं वाटतं. माशी येऊन आपटली तिच्यावर.

दुपारी मी आत मागच्या सीटवर गुडघ्यांवर बसून शेवटची टेप काढत होतो आणि मामा आला. थेट मागे येऊन उभा. खिडकीपलीकडे मी, अलीकडे तो, मध्ये हातभर अंतर. मी सवयीने जीभ काढली. डोळे तिरळे केले, नाकात बोटं घातली. मामा माझ्या तोंडाकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

मग त्याने हाक मारली, "रूडी? कुठे उलथलाय हा पोरगा?"

मी तसाच राहिलो. जीभ आत घ्यायची राहून गेली. त्याने हात पुढे करून खिडकीवर फिरवला, माझ्या नाकावरूनच गेला तो हात, आणि स्वतःशीच म्हणाला, "अजून धुकटच."

बदकं. त्याला बदकं दिसलीच नव्हती.

गुरुवार, २१ मे

मामाशी बोललो, तळ्याकाठी. मी विचारलं किती दिवस. तो म्हणाला, दोन हिवाळे. मधोमध डाग आहे, बघावं तिथे डाग, कडेकडेने थोडं दिसतं. लांबच्या गावातल्या डॉक्टरने सांगितलंय की यावर चष्मा नाही. मामीला सांगितलेलं नाही. "तिला कळलं तर ती मला काचेच्या कपाटात ठेवेल."

मी म्हटलं, मग परेड? तो म्हणाला, रस्ता मला पाठ आहे, गाडी माणसाच्या चालीने जाते, बँडचा आवाज धरून जायचं. मी म्हटलं, मामा, बँड आणि गाडी यांच्यामध्ये बालवाडीची पोरं असतात, सायकलींना झिरमिळ्या लावून, ती मध्येच थांबतात, पडतात, गोळ्या वेचायला वाकतात.

त्याने काठावरचा खडा पाण्यात टाकला. मग म्हणाला, एवढी एकच. ही शेवटची. पुढच्या वर्षी मीच नाही म्हणेन.

मी नाही म्हणायच्या आत त्याने पत्ता टाकला. खिडकीची शिवण नवी आहे, म्हणाला, मला दिसत नसेल पण माझी बोटं मेलेली नाहीत. "तू माझं झाक, मी तुझं झाकतो. सिल्वीला यातलं काही कळायचं कारण नाही."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

शनिवार, २३ मे

जेवण जात नाही. मामीने नीसूचा गोड पाव भाजला, वेलदोड्याचा वास घरभर, आणि मी माझा तुकडा खिशात घातला.

कोणाला तरी सांगावं. पण सांगणार काय? मामाला दिसत नाही हे तुला कसं कळलं, असं पहिलंच विचारतील. मग बदकं, मग फुटकी खिडकी, मग हरीण, मग बस. आणि मामाचं लायसन्स जाईल ते वेगळंच. तो आयुष्यात मला एकदाही ओरडला नाही. निळ्या पाळकाच्या वेळीसुद्धा तो सौनात जाऊन हसून आला होता, भिंतीतून ऐकू येत होतं.

आज समोरच्या घरातल्या बालवाडीतल्या पोरीची सायकल मीच सजवून दिली. ती म्हणाली मी सगळ्यांत मागे असणार, लाल गाडीच्या अगदी पुढे, कारण मला हळूच चालवता येते.

मला झोप लागत नाही. खिडकी फोडली तेव्हा वाटलं होतं याहून वाईट काही नाही. तेव्हा मी मजेत होतो.

सोमवार, २५ मे, बसमध्ये

अक्षर हलतंय, बस हलतेय.

सकाळी मामी कधी नव्हे ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, मामा आंघोळीला गेलाय, मी वर कपडे बदलायला जातेय, मला वेळ लागेल, गाडीची किल्ली हुकावर आहे. मी म्हटलं, बरं. ती दारात थांबली आणि पुन्हा म्हणाली, हुकावर आहे. एवढं काय सांगायचं, हुक मला माहीत नाही का?

किल्ली घेतली आणि तळ्यात फेकली. जोर लावून, लांब. आमचं तळं समुद्राएवढं, आख्खी जहाजं परत देत नाही, किल्ली काय देणार.

मग सगळे आमच्या दारासमोर जमले. गावातले सगळ्यात म्हातारे सैनिक मिस्टर निमेला कडक इस्त्रीच्या गणवेशात मागच्या सीटवर बसलेसुद्धा, छोटा झेंडा हातात. मामा टाय लावून स्टिअरिंगवर. बँड वाजायला लागलेला, पोरं रांगेत. आणि किल्ली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. गावात काही हरवलं, तुटलं, निळं झालं की माझ्याकडेच बघतात, त्यामुळे सोपं गेलं. मी माझं नेहमीचं हसू काढलं आणि म्हटलं, शोधा की.

मामी ओरडली. अशी ओरडली की बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. आख्खं नाव, आईकडचं, बापाकडचं, सगळं. म्हणाली, बस्स, आज, आत्ता, सामान भर. सगळ्या गावासमोर. शेवटी मिस्टर निमेलांना कोणाच्या तरी पिकअपमध्ये बसवलं आणि परेड गेली. ती पोरगी सगळ्यांत मागे होती. आमच्या दारासमोरच पडली, उठली, परत चढली. पिकअपवाला तोवर थांबून राहिला.

एवढा वेळ मामा स्टिअरिंगवर बसून होता. एक हात खिशात. त्याने एक शब्द काढला असता तर मी वाचलो असतो. नाही काढला. मला राग आला, लिहितो खरं ते. फार राग आला.

बस सुटायच्या जागी मामी आम्हाला पिकअपमधून घेऊन आली. ती तिकीट काढायला खिडकीवर गेली तेव्हा मामाने हात पुढे केला. मी मिळवला, आणि त्याच्या तळव्यात काहीतरी गरम लागलं. दुसरी किल्ली. या गाडीला दुसरी किल्ली आहे हे मला माहीतच नव्हतं. सकाळपासून ती त्याच्या खिशात होती, मुठीत. सगळे शोधत होते, मिस्टर निमेला घामाघूम झाले होते, मामी ओरडत होती, आणि त्याने ती काढली नाही.

म्हणाला, "हीसुद्धा टाक."

मग म्हणाला, खिडकी छान शिवलीस. बस्स. आमच्या मामाचं भाषण एवढंच.

मामीने पिशवी दिली, मांस-बटाटा भरलेल्या पॅस्टी आहेत म्हणाली. मी आत्ता बघितलं, एका माणसाला आठवडा पुरतील एवढ्या, आणि वर माशांच्या पडद्यात गुंडाळलेला नीसू. पडदा नवाच होता की. तिकीट देताना तिने माझा कान धरला, पिळेल असं वाटलं, पण नुसताच धरून ठेवला बराच वेळ आणि रस्त्याकडे बघत राहिली. डोळे लाल. एवढी चिडलेली मी तिला कधी बघितली नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. तिकीट मी आत्ता नीट वाचलं. घाईत तिच्याकडून चूक झालीय. तिने जाण्या-येण्याचं तिकीट काढलंय. परतीची तारीख मोकळी, कधीही चालेल. रागाच्या भरात तिच्या लक्षात आलं नसणार. मी गप्प बसलो. परत तर परत. दार उघडलं की बघू काय म्हणते ते. तोवर तिला आठवलं नाही म्हणजे मिळवलं.

म्हणून तू जो कोण हे वाचतोयस, तुझ्या पाया पडतो. मामीला तिकिटाचं सांगू नकोस, ती बदलून घेईल. आणि मामाच्या डोळ्यांचं तर कोणालाच सांगू नकोस, तिला तर मुळीच नाही. तिला यातलं काहीच माहीत नाही.